एका गावाभोवती संगीताचं कपाट कसं उभारावं

संगीतावरची पुस्तकं जमवायची असतील तर रागापासून सुरुवात करू नका, घराण्यापासूनही नको. आधी एक गाव निवडा. त्या गावात कोण गात होतं, त्यांना आसरा कुणी दिला, वाद्यं कोण घडवत होतं, भोपळे आणि लाकूड कुठून येत होतं, नाटक कंपन्यांचा मुक्काम कुठे पडायचा, या सगळ्याची उत्तरं एकाच कपाटात सापडतील अशी पुस्तकं जमवा.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी संगीताच्या कपाटाची देखभाल अजून माझ्याकडेच आहे. आमच्या दशमान वर्गीकरणात संगीत जातं ७८० ला, चरित्रं ९२० ला आणि महाराष्ट्राचा इतिहास ९५४ ला. त्यामुळे गवयाची बंदिश एका खोलीत, त्याचं चरित्र दुसऱ्या खोलीत आणि त्याला बिदागी देणारा संस्थानिक तिसरीकडे. वाचनालयाला शिस्त लागते, तिथे इलाज नाही. घरी मात्र तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. ही तिन्ही पुस्तकं एकमेकांना चिकटून ठेवा. संगीताचं पुस्तक त्याच्या गावाच्या इतिहासाशेजारी ठेवून वाचलं की ते दुप्पट बोलतं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

गाव निवडताना

उदाहरणाला मिरज घेते, कारण ते मला सगळ्यात जवळचं. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर जवळच्याच बेडगचे. कुरुंदवाडचा एक मुलगा दारूकामाने डोळ्यांना इजा होऊन उपचारांसाठी मिरजेला आला. डॉ. भडभडे यांनी त्याला गाणं शिकवायचं सुचवलं आणि तो मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकू लागला. हेच विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९३१ साली त्यांचं देहावसान झालं तेही मिरजेतच. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन आणि प्रा. बी. आर. देवधर हे दोघेही जन्माने मिरजेचे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. बालगंधर्व शकुंतलेच्या वेषात पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते १९०५ साली, मिरजेत. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं होतं. या सगळ्याखाली पटवर्धनांची संस्थानं, आणि त्या पटवर्धनांचं दप्तर, म्हणजे जुने कागद, आयुष्यभर वाचून छापणारे वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्याच हायस्कुलात संस्कृत शिकवत होते.

तुमचं गाव इतकं समृद्ध नसेल, तरी चालेल. एक वाद्य, एक देऊळ किंवा दर्गा आणि एक जुनं घराणं एवढं पुरे. गाव ठरलं की वहीच्या पहिल्या पानावर चार-पाच प्रश्न लिहा. माझ्या मिरजेच्या वहीत पहिला प्रश्न असा आहे: हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंबोरे का करू लागले? पुस्तक विकत घ्यायचं की सोडून द्यायचं हे मी त्या प्रश्नांवरून ठरवते. वेष्टण आणि भाव नंतर.

पहिली पाच-सहा पुस्तकं

आधी माणसांची पुस्तकं घ्या. प्रा. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ मिळालं तर डोळे मिटून घ्या. देवधर स्वतः गाणारे, शिकवणारे आणि उत्तम ऐकणारे, त्यामुळे गवयाचं घर, त्याची तालीम, त्याचा स्वभाव हे सगळं कान उघडे ठेवून लिहिलेलं आहे. गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ कोल्हापूरकडच्या संगीतासाठी आणि पेटीसाठी (हार्मोनियमसाठी) वाचा. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ (१९६१) विचार करायला लावणारं आहे. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये ते घराणी मांडतात. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर मधोमध. ही मांडणी सगळ्यांना पटत नाही. मला ती पटते, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती घेऊन ऐकायला बसता येतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं गाणं आता सहज ऐकायला मिळतं. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ लावा आणि देशपांड्यांचं किराण्यावरचं प्रकरण समोर ठेवा.

मग शास्त्राची पुस्तकं. इथे पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुस्तकांत हमखास गोंधळ होतो म्हणून सविस्तर सांगते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हे चार भागांचं मराठी पुस्तक शास्त्रचर्चेचं आहे. १९१० पासून ते निघत गेलं. गुरु-शिष्य संवादाच्या रूपात आहे, शिष्य प्रश्न विचारतात आणि पंडितजी उत्तरं देतात. त्याचाच हिंदी अनुवाद हाथरसहून ‘भातखंडे संगीतशास्त्र’ या नावाने निघाला. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ हे वेगळं, सहा भागांचं, त्यात बंदिशी स्वरलिपीत आहेत. दुकानदार दोन्हींना ‘भातखंडे’ एवढंच म्हणतो. फोनवर मागवताना भाग, भाषा आणि पूर्ण नाव सांगितल्याशिवाय पैसे पाठवू नका. गायला शिकत असाल तर मालिका आधी घ्या. इतिहासाची ओढ असेल तर पद्धती घ्या. तिच्यात प्रवासांतल्या, गवयांच्या भेटींतल्या, जुन्या पोथ्यांच्या गोष्टी जागोजागी येतात.

आणि एक पुस्तक मुद्दाम विरुद्ध बाजूचं ठेवा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर मोजून बावीस श्रुतींवर (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर) १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झडला. भातखंड्यांना ती मांडणी मान्य नव्हती. पेटी, श्रुती, एक सरकारी अधिकारी, एक गवई आणि भातखंड्यांसारखा एक वकील-पंडित असा तो सगळा मामला सांगली-मिरजेच्या मातीतून उगवलेला आहे. भातखंडे आणि देवल शेजारी ठेवल्याशिवाय त्यातली धग कळत नाही.

जुनं पुस्तक हातात घेतल्यावर

संगीताची बरीचशी चांगली मराठी पुस्तकं आज नव्याने छापलेली मिळत नाहीत. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली दुकानं, जुन्या पुस्तकांचे विक्रेते, रद्दीवाले आणि बंद पडलेल्या संगीत वर्गांच्या पेट्या, हीच ठिकाणं. किंमत विचारण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

पानाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात काही पानांनंतर एक बारीक आकडा दिसतो. तो फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक. बहुतेक पुस्तकांत सोळा पानांचा एक फर्मा असतो. आकडे ओळीने लागतात का ते पाहा. पानं मोजत बसण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि बांधणीत एखादा फर्मा दोनदा लागलेला किंवा गळलेला असेल तर तोही सापडतो. स्वरलिपीच्या पुस्तकात गळलेला फर्मा म्हणजे दोन-तीन राग गेले.

मग शुद्धिपत्र शोधा. शेवटी किंवा प्रस्तावनेनंतर असतं. कादंबरीचं शुद्धिपत्र नसलं तर बिघडत नाही, पण स्वरलिपीत एक टिंब चुकलं की स्वर सप्तक बदलतो. पुस्तक घरी आलं की पहिलं काम हेच: शुद्धिपत्रातली एकेक दुरुस्ती पेन्सिलीने त्या त्या पानावर घाला. शाई वापरू नका.

कापलेला समास ही मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. एका संस्थेने जुनी पुस्तकं नव्याने बांधून घेताना कडा यंत्रावर इतक्या आत कापल्या होत्या की वरच्या ओळीतल्या स्वरांवरची चिन्हं निम्मी नाहीशी झाली. पुस्तक दिसायला देखणं, गायला निरुपयोगी. तेव्हा नवी बांधणी पाहून भुलू नका. वरच्या ओळीतली चिन्हं शाबूत आहेत का, ते आधी पाहा.

मुखपृष्ठावर इसवी सन नसून शके असेल तर ७८ मिळवा. शके १८३२ म्हणजे १९१०. शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ७९. शेवटच्या पानांवरच्या जाहिरातीही फाडू नका, झाकू नका. पेटी, तंबोरे आणि तारा विकणाऱ्या दुकानांच्या जाहिरातींत भाव छापलेले असतात आणि गावातल्या वाद्यव्यवसायाचा इतका सरळ पुरावा दुसरीकडे क्वचित मिळतो.

टिंब कुणाचं, रेघ कुणाची

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आपल्याकडे स्वर लिहिण्याच्या दोन पद्धती चालतात, भातखंड्यांची आणि पलुस्करांची. चिन्हं बरीचशी सारखी, अर्थ मात्र भलतेच.

स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर भातखंडे पद्धतीत तो तार (वरच्या) सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातला. पलुस्करांकडे तार सप्तकाला डोक्यावर उभी रेघ असते. पण तीच उभी रेघ भातखंड्यांच्या पुस्तकात मध्यमावर दिसली तर तो तीव्र मध्यम. स्वराच्या खाली आडवी रेघ भातखंड्यांकडे कोमल दाखवते, पलुस्करांकडे एक मात्रा. पलुस्कर पद्धतीत कोमल स्वराचा पाय मोडलेला असतो, ‘ग्’ असा. शून्य भातखंड्यांच्या तालात ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) दाखवतं, पलुस्करांच्या लिपीत स्वराखालचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. सम (तालाची पहिली मात्रा) भातखंड्यांकडे फुलीने, पलुस्करांकडे एकच्या आकड्याने. ‘खाली’ला पलुस्कर अधिकाचं चिन्ह घालतात.

पुस्तक कुठल्या पद्धतीचं हे पटकन ओळखायची एक युक्ती सांगते. कुठलीही बंदिश उघडा आणि फक्त षड्ज आणि पंचम बघा. हे दोन स्वर कधी कोमल होत नाहीत. ‘सा’ आणि ‘प’ यांच्याखालीही आडव्या रेघा दिसल्या तर त्या मात्रेच्याच, म्हणजे पुस्तक पलुस्कर पद्धतीचं. ‘सा’ ‘प’ मोकळे आणि रेघा फक्त रे, ग, ध, नि यांच्याखाली, तर भातखंडे. त्यानंतर प्रस्तावनेतली चिन्हांची यादी वाचाच, कारण पुढच्या लेखकांनी दोन्हींत आपापले बदल केले आहेत. ती यादी एका कार्डावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

एवढं झालं की बंदिश डोळ्यांनी वाचू नका. तंबोरा लावा, नाहीतर मोबाइलवरचा लावा, पेटीवर एका बोटाने स्वर काढा, हाताने ताल द्या. लिपीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), कण (स्वराला लागलेला निसटता स्वर), आवाजाचा लगाव पुरता उतरत नाही. तो त्या घराण्याच्या गाण्यातूनच ऐकावा लागतो. पण सांगाडा पक्का मिळतो.

गावाचा इतिहास वाचताना

संगीत आवडणारी माणसं गॅझेटिअरला (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाला) घाबरतात. जाडजूड खंड, बारीक टाइप. सातारा (१८८५), सोलापूर (१८८४) आणि कोल्हापूर (१८८६) हे मुंबई इलाख्याचे जुने इंग्रजी खंड मिरजेला वेढून आहेत. त्यांत ‘संगीत’ असं प्रकरण शोधू नका. लोकसंख्येच्या प्रकरणात जा. वाजवणाऱ्या समाजांची माहिती तिथे आहे. मग जत्रांच्या नोंदी, मग शेवटची गावांची यादी. लिहिणारे साहेब होते आणि त्यांची माणसांबद्दलची विशेषणं अनेकदा अपमानास्पद आहेत. ती तशीच उचलून आपल्या लेखात घालू नका. कोण कुठल्या प्रसंगी काय वाजवत होतं, एवढं घ्या. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने काढलेले नंतरचे खंडही पाहा.

संस्थानी कागद वाचायचे तर खरेशास्त्र्यांचे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’. मजकूर राजकारणाचा आहे, गाण्याचा नव्हे, पण मिरज कशी उभी राहिली ते त्याशिवाय समजत नाही. या कागदांवरच्या तारखा सुहूर सनात (त्या काळच्या एका जुन्या कालगणनेत) असतात आणि आकडे अरबी शब्दांत. ‘तिसा खमसैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५९. त्यात ५९९ मिळवले की १७५८. सुहूर वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. हे एकदा जमलं की दप्तराची भीती जाते.

इतिहासात आणखी मागे जायचं असेल तर देवगिरीला जा. यादव राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबाचं काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्यायांपैकी सहावा वाद्याध्याय. तत (तारांची), सुषिर (फुंकून वाजवायची), अवनद्ध (कातडं मढवलेली) आणि घन (टाळांसारखी) हे वाद्यांचे चार वर्ग त्यात नीट कळतात आणि आपल्या गावातलं कुठलंही वाद्य त्यांपैकी एकात बसतं. ग. ह. तारळेकरांचा मराठी अनुवाद आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, आधी तिथे शोधा. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण त्यांची नावं रोमन लिपीत वेड्यावाकड्या स्पेलिंगने चढवलेली आहेत. ‘संगीत’ तीन-चार तऱ्हांनी लिहून शोधा, लेखकाच्या नुसत्या आडनावाने शोधा. परदेशात राहणाऱ्यांना तर हाच मुख्य रस्ता.

वाद्य पाहायला जाताना

पुस्तकं घेऊन घरी बसू नका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. परंपरा असं सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, हत्यारांचं काम आटलं तेव्हा, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. आजचे कारागीर त्याच घराण्यांतले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

सकाळी जा, काम चालू असतं. पहिल्याच वाक्यात किंमत विचारू नका. कच्च्या मालापासून सुरुवात करा. भोपळा कुठून आला? बहुधा सोलापूर जिल्ह्याचं, भीमाकाठचं नाव निघेल. वाळवलेला भोपळा कापून, भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन त्याचं तोंड हवं तेवढं कसं करतात ते दाखवायची विनंती करा. मग लाकूड, ते बहुधा तून. दांडी, तबली, घोडी, खुंट्या, मणी ही नावं त्यांच्या तोंडून ऐका आणि ते म्हणतील तशीच वहीत लिहा.

जवारी (तारेची गुंजन) लावताना बघायला मिळालं तर मात्र प्रश्न थांबवा. कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात तिचा) माथा कानसतो, तार परत चढवतो, छेडतो, पुन्हा उतरवून कानसतो. सगळं काम कानावर चाललेलं असतं. शेवटी तारेखाली बारीक दोरा सरकवतो. दोरा एका जागी येतो आणि बोथट आवाज एकदम उघडतो, तारेतून गांधार ऐकू येऊ लागतो. विचारायचं ते नंतर विचारा. वाद्यांच्या पुस्तकात जवारीवर दोन ओळी असतात. त्या दोन ओळी मी वाचकांना नेहमी हे पाहून आल्यावर वाचायला सांगते.

नोंदवही

प्रत्येक पुस्तक वाचताना एक वही उघडी हवी. माणूस, ठिकाण, साल, वाद्य, पुस्तक आणि पान, एवढे सहा रकाने. मराठी संगीतग्रंथांना सूची क्वचितच असते, ती तुमची तुम्हालाच करावी लागते. दोन पुस्तकं दोन सालं देत असतील तर दोन्ही लिहा, पानांसकट, आणि कुठलाच आकडा खोडू नका. मैफलीच्या आठवणी, दंतकथा आणि कागदोपत्री पुरावा यांना वेगवेगळ्या खुणा करा. गवयांच्या गोष्टी रसाळ असतात आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना फुगतात. ज्या पुस्तकात ती गोष्ट पहिल्यांदा येते त्याचं पान शोधून काढणं यातच खरी मजा आहे.

मासिकांचे अंक याच वहीत घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ जुन्या वाचनालयांत बांधीव मिळतं. पुस्तकांत कधीच न आलेले लेख त्यात पडून आहेत.

जपणुकीचं थोडक्यात: कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल येते. प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक बांधलं की दमट हवा आत कोंडते. कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी चालते, पण खरा उपाय म्हणजे पुस्तक महिन्याकाठी उघडणं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच नको, ती पिवळी पडून अक्षरं घेऊन निघते. पातळ कागद आणि गव्हाची खळ वापरा.

मिरजेऐवजी सोलापूर निवडलंत तर सुंद्री या सनईसारख्या छोट्या वाद्यापासून सुरुवात करा. पालघरकडे तारपा आणि घांगळी ही आदिवासी वाद्यं आहेत. गोव्यात घुमट हे मातीचं तालवाद्य. २०१९ साली ते गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, कायद्याने ते बंद झाल्यावर आता बकऱ्याचं लावतात. केशरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्याच, म्हणजे देवळातलं घुमट आणि जयपूर घराण्याचा ख्याल एकाच कपाटात येतील. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वाद्यं बघून मग गाव ठरवा. आणि गाव ठरल्यावर तिथल्या सर्वांत जुन्या वाचनालयाची दाखलनोंद वही बघायला मागा. ग्रंथपालाला आधी फोन करा, वेळ ठरवून जा. कुठली पुस्तकं कधी आली, कुणी देणगी दिली आणि कुठली गहाळ झाली ते सगळं तिच्यात ओळीने लिहिलेलं असतं. तुमची पहिली खरेदीची यादी तिच्यातूनच निघेल.